आपल्याला मानवेल असा योग

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात आसपासच्या गावांतील शिक्षकांचे एक शिबिर भरले होते. त्यात गीतेवर दोन व्याख्याने देण्याचे काम माझ्याकडे आले. दुसरे व्याख्यान संपले, मंडळी चहाला पांगली, पण एक गुरुजी मागे रेंगाळत राहिले. वय पस्तिशीच्या आतबाहेरचे. जवळ येऊन म्हणाले, "सर, एक विचारू का? गेलं दीड वर्ष मी रोज पहाटे ध्यानाला बसतो. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. पण मन काही लागत नाही. आमची मंडळी म्हणते, तुम्ही ध्यानातून उठता तेव्हा जास्तच चिडलेले असता, त्यापेक्षा झोपून राहा. मला सांगा, माझ्यातच काही खोट आहे का?"

मी त्यांना पुस्तकी उत्तर दिले. मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे ही तक्रार अर्जुनानेही सहाव्या अध्यायात केली आहे, आणि अभ्यास व वैराग्य यांनी ते आवरता येते असे भगवंतांनी त्यास सांगितले आहे, तेव्हा आपण चिकाटी सोडू नये, वगैरे. गुरुजींनी मान डोलावली, नमस्कार केला आणि ते गेले. उत्तर चुकीचे नव्हते. पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे मला त्याच रात्री जाणवले. त्यांनी विचारले होते स्वतःविषयी, आणि मी बोललो होतो अर्जुनाविषयी. त्यांना जे सांगावयास हवे होते, ते आज आपणा सर्वांसमोर मांडण्याचा प्रयत्न करतो.

योग हा शब्द आता सर्वांच्या तोंडी झाला आहे. २०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुले रांगेने उभी राहून ताडासन, वृक्षासन करतात. हे चांगलेच आहे. आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था काढली आणि आसने व प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो याची शास्त्रीय तपासणी सुरू केली, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा. पण आसन हे योगाचे एक अंग झाले. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली, त्यांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे. त्याच्या आधी यम आणि नियम येतात. कोणाला दुखवू नये, खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, संतोषाने राहावे, अशा या गोष्टी आहेत. त्या पटांगणात करून दाखवता येत नाहीत, म्हणून त्यांचा बोलबाला कमी.

योग या शब्दाचा मूळ धातू 'युज्'. त्याचा अर्थ जोडणे, जुंपणे. आपण बैलाच्या मानेवर जे जू ठेवतो, तो शब्दही याच धातूपासून आला आहे. शेतकरी बांधवांना यातले मर्म मी सांगावे असे नाही. जू बैलाच्या बेताचे हवे. दोन बैल कमी-अधिक उंचीचे असले, किंवा जू ओबडधोबड असले, तर खांद्याला घासते आणि खांदेसूज येते. मग तोच गुणी बैल जू पाहिले की मान फिरवतो. शहाणा शेतकरी तेव्हा बैलाला चाबूक मारीत नाही. तो जू तपासतो. आमच्या गुरुजींची चिडचिड ही एक प्रकारची खांदेसूजच होती. आणि ते स्वतःलाच चाबूक मारीत होते.

आता आपण म्हणाल, ज्याला जे आवडेल ते त्याने करावे, एवढेच का तुमचे सांगणे? तसे नाही. आवड आणि स्वभाव यांत फरक आहे, त्याकडे मी पुढे येतो. आधी हे पाहू की माणसामाणसाचा स्वभाव ओळखून मार्ग सांगण्याची आपली परंपरा किती जुनी आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन निष्ठा सांगितल्या आहेत. विचारवंतांसाठी ज्ञानाची आणि कर्त्या माणसांसाठी कर्माची. भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला ज्ञान, कर्म आणि भक्ती असे तीन योग सांगतात, आणि कोणता कोणासाठी हेही सांगतात. ज्याचे मन संसारातून खरोखर उठले आहे त्याच्यासाठी ज्ञान. ज्याच्या इच्छा अजून ताज्या आहेत त्याच्यासाठी कर्म. आणि जो धड विरक्त नाही व धड आसक्तही नाही, पण ज्याला देवाच्या गोष्टी ऐकताना गोडी वाटते, त्याच्यासाठी भक्ती. आपल्यापैकी बहुतेक जण या तिसऱ्या वर्गात बसतील, नाही का? याच अकराव्या स्कंधावर एकनाथ महाराजांनी मराठीत विस्ताराने टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. पतंजली तर ध्यानासाठी निरनिराळे आधार सुचवून शेवटी ज्याला जे रुचेल त्याचे त्याने ध्यान करावे अशी मोकळीक देतात. पुढे स्वामी विवेकानंदांनी १८९३ नंतर अमेरिकेत जी व्याख्याने दिली, त्यांत कर्म, भक्ती, ध्यान आणि ज्ञान अशा चार वाटा चार प्रकारच्या स्वभावांना जोडून दाखविल्या. कामात रमणारा, प्रेमात रमणारा, आत वळणारा आणि विचार करणारा, असे हे चार स्वभाव. आज आपण याच चौकटीतून बोलू.

पहिला स्वभाव कामकऱ्याचा. असा माणूस लग्नघरी गेला तर पंगतीत बसण्याआधी वाढप्यांत जाऊन उभा राहील. त्याला रिकामे बसवा, तो आजारी पडेल. त्याने डोळे मिटून बसण्याचा हट्ट धरला तर डोळ्यांसमोर अर्धवट राहिलेली कामेच येणार. त्याची वाट कर्मयोगाची. गाडगे महाराजांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९५६ सालच्या डिसेंबरात ते गेले, पण हातातला खराटा आणि डोक्यावरचे गाडगे अजून लोकांच्या मनातून गेलेले नाही. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. लोकांकडून जमलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. याच वाटेची तात्त्विक बाजू लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त मांडली. पण या वाटेवरचा खड्डाही लक्षात ठेवावा. काम करता करता 'मी नसतो तर हे झालेच नसते' असे वाटू लागते. हा कर्तेपणा शिरला की काम चालू राहते, योग थांबतो.

दुसरा स्वभाव प्रेमाचा. याला तत्त्व कळण्यासाठी नाव लागते, रूप लागते, कोणीतरी आपले माणूस लागते. जनाबाईंनी दळताकांडताना विठ्ठलाला हाताशी घेतले. अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातच पंढरी दिसली. देहूपासून आणि आळंदीपासून आषाढीला जी पावले निघतात, त्यांतील बहुतेकांनी योगशास्त्राचे नावही ऐकलेले नसेल. पण पंधरा-वीस दिवस ऊनपावसात चालताना 'मी' थोडा थोडा झिजतो, याचा अनुभव त्यांना असतो. या वाटेवरचा खड्डा भाबडेपणाचा. प्रेमळ माणूस लवकर फसतो. अंगारे-धुपारे करणारा, पैसे मागणारा, घरच्या माणसांपासून तोडणारा कोणी भेटला की भक्तीने डोळे मिटलेला माणूस त्याच्या मागे जातो. डोळे देवापुढे मिटावेत. माणसापुढे उघडे ठेवावेत.

तिसरा स्वभाव आत वळणाऱ्याचा. गर्दीतून घरी आल्यावर याला थोडा वेळ एकटे बसावेसे वाटते. तो बोलतो कमी, न्याहाळतो जास्त. श्वासाकडे लक्ष दे म्हटले की याला ते सहज जमते. त्याने ध्यानयोगाची वाट धरावी. या वाटेची पथ्ये गीतेनेच घालून दिली आहेत. फार खाणाऱ्याला योग नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. प्राणायामाचे कठीण प्रकार पाहून-ऐकून करू नयेत. जाणत्याजवळ बसून शिकावेत. येथला खड्डा म्हणजे माणसे नकोशी होणे. आसनावर शांत आणि आसनाबाहेर घुमा, असा ध्यानी घराला जड होतो.

चौथा स्वभाव विचार करणाऱ्याचा. लहानपणीच 'देवाला कोणी केले?' असे विचारून जो आजीचा धपाटा खातो, तो हा. त्याला 'का?' सुटत नाही. मानून घ्या म्हटले की त्याचे मन बंद पडते; समजून घे म्हटले की उघडते. त्याने ज्ञानयोगाची वाट धरावी, ग्रंथ वाचावेत, चर्चा करावी, 'मी म्हणजे कोण' याचा शोध घ्यावा. या वाटेवरचा खड्डा मला चांगला ठाऊक आहे, कारण मी त्यात पडलेलो आहे. ज्ञान डोक्यात राहते, हृदयात उतरत नाही. आणि आपली वाट तीच राजवाट असे वाटू लागते.

तो प्रसंग सांगतो. २००९ साली माझे वडील गेले. आई गावीच राहिली. मी तेव्हा नुकताच तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झालो होतो. आईचा दिवस पूजेने सुरू होई. देव्हाऱ्यात पितळेच्या तीन मूर्ती. त्यांना न्हाऊमाखू घालायचे, फुले वाहायची, आणि हे सगळे करताना त्यांच्याशी बोलायचे. यंदा तूर कशी आली, शेजारणीचे गुडघे कसे आहेत, सगळे विठोबाला सांगायचे. गणपतीत मी घरी गेलो तेव्हा हे ऐकून मला कसेसेच झाले. मी म्हणालो, "आई, हे आता पुरे कर. मूर्तीत काय आहे? आत बघायला शीक." आणि वेदान्तावरचे एक सोपे मराठी पुस्तक तिच्या हातात दिले. आई चौथी शिकलेली. मुलगा एम. ए. झालेला. तिने ऐकले.

दिवाळीला गेलो तर देव्हारा रिकामा. मूर्ती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या. आई पुस्तक मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. पान तेच होते, ज्यावर मी गणपतीत खूण घालून दिली होती. मी विचारले, "वाचतेस ना?" ती म्हणाली, "वाचते रे. शब्द कळतात. पण देवाशी बोलायचे ना, तेव्हा तुझ्या बाबांचंही सांगता यायचं. आता कुणाला सांगू?"

मी काही बोललो नाही. चिंच भिजत घातली आणि संध्याकाळी मूर्ती घासायला बसलो. दोन महिन्यांत त्या काळ्या पडल्या होत्या.

बंधुभगिनींनो, माझे तत्त्व खोटे नव्हते. पण मी माझे जू तिच्या मानेवर ठेवले होते, आणि ती बिचारी ते ओढीत होती. दुसऱ्याची श्रद्धा काढून घेणे फार सोपे असते. तिच्या जागी काय ठेवायचे, हे काढून घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की बायकांना भक्ती बरी आणि ज्ञान पुरुषांनी पाहावे. त्याच दिवाळीत माझी मावशी आली होती. आईचीच धाकटी बहीण, तेवढीच शिकलेली. तिला पूजेअर्चेत कधी फारसे गम्य नव्हते. तिने ते पुस्तक चाळले, बरोबर नेले, आणि पंधरा दिवसांनी भाच्याच्या हाती मला प्रश्नांचा एक कागद पाठवला. त्यांतल्या दोन प्रश्नांवर मला ग्रंथालयात जाऊन बसावे लागले. एकाच घरातल्या, एकाच चुलीवरचे खाऊन वाढलेल्या दोन बहिणी. पण एकीला जे जड झाले ते दुसरीला मानवले. परंपरेतही पाहा. योगसामर्थ्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या चांगदेवांना मुक्ताबाईंना गुरू करावे लागले, असे आपली परंपरा सांगते. आणि ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा त्यांची समजूत काढली ती याच धाकट्या बहिणीने, हे ताटीच्या अभंगांमुळे घरोघर माहीत आहे.

तसेच, स्वभाव म्हणजे जात नव्हे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. 'आपापला धर्म बरा' या गीतेच्या शिकवणीचा आधार घेऊन कित्येक पिढ्या माणसांना जन्माच्या खुंटीला बांधून ठेवले गेले. चोखोबांसारख्या भक्ताला देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले. आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. कोणता मार्ग कोणाला मानवेल हे त्याचा जन्म सांगत नाही, त्याचे मन सांगते. म्हणून ते दुसऱ्याने परस्पर ठरवू नये.

मग ते ओळखावे कसे? मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. घरी निवांत बसून प्रत्येकाने ते स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न: कोणत्या गोष्टीत असताना मला घड्याळाची आठवण राहत नाही? येथे करमणूक मोजू नका. मोबाईलवर चित्रे पाहतानाही वेळ जातो, पण उठल्यावर माणूस रिता होतो. जे करून उठल्यावर मन भरलेले वाटते, ते शोधा.

दुसरा प्रश्न: दुःख झाले की माझी पावले आपोआप कोठे वळतात? वडील गेल्यावर एक भाऊ तेराव्याच्या तयारीला लागतो, दुसरा देवापुढे रडतो, तिसरा शेताच्या बांधावर एकटाच जाऊन बसतो, आणि चौथा 'माणूस मरतो म्हणजे काय होते?' याचा विचार करू लागतो. चौघांचेही दुःख सारखेच असते. सुखात माणूस दुसऱ्याचे पाहून वागू शकतो. दुःखात तो स्वतःच्या वाटेने जातो. गीतेच्या अठराही अध्यायांना योग म्हटले आहे, आणि त्यांतल्या पहिल्याचे नाव अर्जुनविषादयोग आहे. विषाद हाही आरंभ होऊ शकतो, तो आपल्याला आपली वाट दाखवतो म्हणून. मात्र एक सांगून ठेवतो. मन महिनोन्महिने खचत चालले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मार्ग निवडीत बसू नये. तेथे डॉक्टरांकडे जावे, आणि घरच्यांनी न्यावे. पाय मोडलेल्याला कोणी वाट विचारीत नाही. आधी पाय जोडतात.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारून भागणार नाही. तो घरच्यांना विचारावयाचा आहे. मी ही साधना करू लागल्यापासून तुम्हाला कसा वाटतो? थोडा ऐकून घेऊ लागलो आहे का? चहा थंड झाला तर पूर्वीइतकाच ओरडतो का? आसनावर बसलेल्याला स्वतःची परीक्षा करता येत नाही. त्याची गुणपत्रिका स्वयंपाकघरात लिहिली जाते.

आवड आणि स्वभाव यांतला फरक येथे कळतो. आवड पुष्कळदा दुसऱ्याचे पाहून लागते. एखाद्या साधूचे शांत मुख पाहिले की आपल्यालाही ध्यानी व्हावेसे वाटते. एखाद्याचे वक्तृत्व ऐकले की ज्ञानी व्हावेसे वाटते. ती आवड चार महिने टिकते. स्वभाव हा कोणी पाहत नसताना, कौतुक होत नसताना, कंटाळा आला असतानाही परत परत त्याच बाजूला वळतो.

आता त्या गुरुजींकडे परत येतो. गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी मला त्यांच्या तालुक्यात जावे लागले. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या होत्या आणि गावाबाहेर त्यांच्या कोप्यांची वस्ती पडली होती. गुरुजी घरी नव्हते. "कोप्यांवर गेलेत, रोज जातात," असे घरून कळले. मी तेथे गेलो तेव्हा अंधार पडत आला होता. एका कोपीपुढे गोणपाट अंथरून दहा-बारा मुले बसली होती. आईबाप दिवसभर फडात, म्हणून या मुलांची शाळा बुडते. त्यांच्यासाठी गुरुजींनी हा वर्ग आपण होऊन चालविला होता. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन हातच्याची वजाबाकी करीत होती. चुकत होती, पुसत होती, पुन्हा मांडीत होती. गुरुजी तिच्याजवळ उकिडवे बसले होते. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. दीडएक तास झाला असेल. मी आल्याचेही त्यांना कळले नव्हते.

परत येताना वाटेत मी विचारले, "गुरुजी, आता इतका वेळ तुमचं मन कुठे होतं?"

ते म्हणाले, "मन? कुणास ठाऊक. तिला ती वजाबाकी यावी, एवढंच होतं."

मी म्हणालो, "मग पहाटे चाळीस मिनिटं जे शोधता, ते इथे रोज सापडतंय की तुम्हाला."

मला वाटले, प्रश्न सुटला. पण ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, एप्रिलात टोळी परत जाईल. ती पोर पुढच्या साली येईलच असं नाही. आली तरी वजाबाकी विसरून येईल. नाहीतर तिच्याच हातात कोयता असेल. पहाटे डोळे मिटले की हीच पोरं समोर येतात. त्याचाच राग येतो मला."

तेव्हा मला दीड वर्षाच्या त्या चिडचिडीचे मूळ कळले; आणि आणखी एक गोष्ट कळली, जी आज मला मुख्यतः सांगावयाची आहे. मानवणारा मार्ग म्हणजे सोपा मार्ग नव्हे. जू बेताचे असले तरी नांगर ओढावाच लागतो. फरक इतकाच की जू बेताचे असले म्हणजे बळ जमिनीत उतरते, नाहीतर ते खांद्यातच मुरते. गुरुजींचा स्वभाव कर्मयोग्याचा. आणि कर्मयोग्याची खरी कसोटी कामात नसते, ती फळ हातून सोडण्यात असते. शिकवायचे जीव लावून, आणि ती पोर उद्या कोठे असेल हे आपल्या हातात नाही हेही पत्करायचे. हे आपण आणि मी दोन शब्दांत बोलतो, पण करणाऱ्याचे काळीज चिरत जाते. पण ही अडचण त्यांच्या वाटेवरची आहे. तिच्याशी झुंजता झुंजता ते पुढे जातील. ध्यान लागत नाही ही त्यांची अडचण नव्हतीच.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी एक उतरती शिडी ठेवली आहे. मन माझ्या ठायी स्थिर कर. ते होत नसेल तर अभ्यास कर. तेही होत नसेल तर माझ्यासाठी काम कर. तेही जमत नसेल तर कर्माचे फळ सोड. एकही पायरी लाजिरवाणी म्हणून सांगितलेली नाही. उलट या फलत्यागापाठोपाठच शांती येते, असे म्हटले आहे. कोणत्याही पायरीवरून घरात शिरता येते.

आणि घर एकच आहे. म्हणून एक वाट धरली म्हणजे बाकीच्या तीन बंद झाल्या असे समजू नये. उलट आपल्या वाटेवरचा खड्डा बुजवायला शेजारच्या वाटेवरची माती लागते. कर्त्या माणसाने दिवसातून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, म्हणजे कर्तेपणा निवळतो. भक्ताने थोडा विचार करावा, म्हणजे फसगत टळते. ध्यानी माणसाने रोज कोणाचे तरी एक काम करावे. आणि आमच्यासारख्या पुस्तकी माणसाने कधीतरी चिंच घेऊन मूर्ती घासावी. ज्ञानेश्वरांकडे पाहा. सहाव्या अध्यायात ते कुंडलिनीचे योगशास्त्र उलगडून दाखवतात, इतरत्र अद्वैताचे शिखर गाठतात, आणि तरी वारकऱ्यांच्या ओठी ते 'माउली' म्हणूनच राहिले आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. आपल्या वर्गातही हे चार स्वभाव बसलेले असतात. फळा पुसायला धावणारा, गोष्ट ऐकताना डोळे भरून येणारी, खिडकीशी गप्प बसणारा, आणि 'का?' विचारून आपल्याला बेजार करणारी. प्रार्थनेच्या वेळी सर्वांना एकाच पद्धतीने डोळे मिटायला लावून, ज्याची पापणी हलते त्याला खट्याळ ठरवू नका. त्याच्या हातात झाडाला पाणी घालायचा झारा देऊन पाहा.

शेतकरी बांधवांना तर मी काय सांगावे? पाऊस पडला म्हणून लगेच कोणी पाभर धरीत नाही. आपण वाफसा यायची वाट पाहता. मनाचेही तसेच आहे. एक लहानसा नेम घ्यावा, तो दोन-तीन महिने न बदलता चालवावा, आणि मग घरच्यांना तो तिसरा प्रश्न विचारावा. आठ दिवसांत मार्ग बदलणे म्हणजे पेरलेले दाणे उगवले का हे रोज उकरून पाहणे होय.

त्या गुरुजींनी पहाटेची चाळीस मिनिटे सोडून दिली आहेत. आता ते रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे बसतात. आदल्या हंगामातील आणि या हंगामातील मुलांची नावे एकेक करून मनात घेतात, आणि आज मला जेवढे करता आले तेवढे केले असे म्हणून प्रत्येकाला सोडून देतात. परवा त्यांचा फोन आला होता तेव्हा मी मुद्दाम विचारले, "मग, मंडळींचा निकाल काय?"

ते हसून म्हणाले, "पेपर तपासणं चालू आहे, सर. पण या वेळी पास होईन असं वाटतं."

आपणा सर्वांनाही आपापल्या खांद्याला मानवेल असे जू लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.